आयुधपूजेआधीचे आठ दिवस

मुलगी बारा वर्षांची असताना दसऱ्याच्या सुट्टीत दहा दिवसांसाठी माझ्याकडे म्हैसूरला आली आणि चौथ्या दिवशी तिनं पिशवी भरली. भांडण नाही, रडारड नाही. "अप्पा, मला नजरबादला सोड ना, इथे करमत नाही," इतकंच म्हणाली. नजरबादला तिच्या आईचं माहेर. मामा, मामेभावंडं, गच्चीवरचा कॅरम, सगळं तिकडे. इकडे विजयनगरात मी, माझी आई आणि आईच्या मालिका. मी तिला स्कूटरवरून सोडून आलो आणि परतताना सिग्नलला एका रिक्षावाल्याशी कारण नसताना भांडलो.

माझं हे असंच आहे. डोकं तापायला मला निमित्त लागत नाही. हेब्बाळच्या एका कारखान्यात मी इलेक्ट्रिकल मेन्टेनन्स बघतो. तिथे हा गुण चालून जातो, घरात चालला नाही. मुलगी सात वर्षांची असताना बायको बँकेच्या बदलीवर बेळगावला गेली ती परत आली नाही. मुलगी तिच्याकडे, दसऱ्याचे दहा दिवस माझ्याकडे, असं ठरलं. बाकी वर्षभर फोन. मी विचारायचो, जेवलीस का, शाळा कशी चाललीय. ती म्हणायची, हो, बरी. दोन मिनिटांत संपायचं. आमच्या घरची मराठी अर्धी कानडी आणि तिची आता बेळगावी वळणाची, पण अडचण काही भाषेची नव्हती. बोलायलाच काही नव्हतं.

पुढच्या पावसाळ्यात एका रविवारी तिचा स्वतःहून फोन आला. आधी मला वाटलं, काहीतरी झालंय.

"अप्पा, तू इलेक्ट्रिकलमध्ये आहेस ना? तुला सर्व्हर बनवता येईल?"

"का नाही येणार?" मी म्हणालो. सर्व्हर म्हणजे नक्की काय असतं, हे मला त्या क्षणी तरी माहीत नव्हतं.

तिनं समजावून सांगितलं. ती आणि तिच्या दोन मैत्रिणी ठोकळ्यांचा एक खेळ खेळतात. ठोकळ्यावर ठोकळा ठेवून घरं, पूल, शेतं बांधायची. दोन वर्षं खपून तिघींनी एक अख्खं गाव उभं केलं होतं. हे गाव राहत होतं एका मैत्रिणीच्या मोठ्या भावाच्या कॉम्प्युटरवर. भाऊ ऑक्टोबरात नोकरीसाठी बेंगळूरूला जाणार होता आणि जाण्याआधी कॉम्प्युटर साफ करून विकणार होता. त्याआधी गावाला दुसरी जागा हवी होती. चोवीस तास चालू राहील, बेळगावातून तिघींना कधीही आत जाता येईल अशी. "आणि अप्पा, त्याच्यात चांगलं ग्राफिक्स कार्ड पण घाल. म्हणजे दसऱ्याला मी आले की तिथेच बसून खेळेन. मोठे गेम पण."

दसऱ्याला मी आले की! मी त्याच मिनिटाला हो म्हणालो. दहा दिवस राहणार का, हे विचारायचा धीर झाला नाही.

आता कारखान्यातल्या माणसाची अक्कल बघा. सर्व्हर हवा, तर सर्व्हरच आणावा! हेब्बाळात कंपन्यांचा जुना माल उचलणारा एक भंगारवाला माझ्या ओळखीचा. त्याच्याकडून मी एक लांबलचक, सपाट, पोलादी धूड घेतलं. दोन माणसांनी उचलून रिक्षात घातलं. त्यावर शब्दच लिहिलेला होता, सर्व्हर. घरी आणून वायर लावली आणि बटण दाबलं, तर असा काही आवाज सुरू झाला की शेजारचे काका कंपाउंडवरून डोकावले. आई स्वयंपाकघरातून पदर खोचत बाहेर आली. "अय्यो, घरात पिठाची गिरणी बसवलीस काय रे?"

मी फोटो काढून मुलीला पाठवला. तिकडून आधी हसणारी तोंडं आली, ओळीनं दहा-बारा, मग फोन.

"अप्पा, हा ऑफिसचा आहे रे! एसी खोलीत ठेवायचा. यात ग्राफिक्स कार्ड मावणारच नाही, त्याला वीज द्यायला वायर पण नसते. आणि आमचा खेळ मुख्य काम एकाच कोअरवर, म्हणजे प्रोसेसरच्या एकाच मेंदूवर करतो. हळू चालणारे चोवीस कोअर असून काय करायचं?"

तिला हसू आवरत नव्हतं आणि मी चिडलो नाही. हे मला रात्री जेवताना लक्षात आलं. दुसऱ्या दिवशी भंगारवाल्यावर मात्र व्यवस्थित चिडलो आणि त्यानं ते धूड मुकाट्यानं परत घेतलं.

मग आमचं खरं काम सुरू झालं. मी तिला म्हणालो, आमच्याकडे आधी लोड मोजतात, मग केबल निवडतात. तर मला लोड सांग. गावात एका वेळी किती जण? तिघी, फार तर पाच. गाव किती मोठं? रोज वाढतं. मोठे गेम कोणते, किती तास? आणि तू नसताना, म्हणजे वर्षातले साडेतीनशे दिवस, ही मशीन नुसती बसून किती वीज खाणार? हा शेवटचा प्रश्न तिच्या डोक्यात आलाच नव्हता. "हां, ते पण बघायला पाहिजे," असं ती मोठ्या माणसासारखं म्हणाली आणि मला इतका आनंद झाला की विचारू नका.

खरी गोची तिथेच होती. सर्व्हर म्हणजे दिवसरात्र जागा राहणारा, कमी खाणारा, गुपचूप बसणारा प्राणी. खेळाची मशीन म्हणजे चार तास धडाधड वीज ओढणारी, तापणारी, पंखे गरगरवणारी. ही दोन कामं एकाच पेटीत कशाला, दोन मशीन घ्या, असं दुकानदार पण म्हणाला. पण मला दोन नको होत्या. खेळाची मशीन वेगळी असती तर दसरा झाल्यावर ती कापड टाकून कोपऱ्यात गेली असती. मुलीनंच तोड काढली. खाली एक साधी सिस्टीम कायम चालू, तिच्यात गाव आणि घरचे फोटो. वर खेळासाठी वेगळी सिस्टीम, ती आली की चालू, गेली की बंद, आणि ग्राफिक्स कार्ड फक्त वरच्याला. मी म्हणालो, म्हणजे खाली घरमालक, वर भाडेकरू, मीटर वेगळे. "बरोबर!" ती ओरडली.

जुलै, ऑगस्ट आम्ही रोज बोललो. रोज! चाळीस चाळीस मिनिटं. मला सोळा कोअरचा प्रोसेसर हवा होता, कारण आकडा मोठा दिसत होता. ती म्हणे आठच, पण वेगवान. चार खालच्याला, चार वरच्याला. तिचं खरं निघालं. मेमरी बत्तीस जीबी, त्यावर दोघांचं लगेच जमलं. गावासाठी एक वेगवान एसएसडी, फोटोंसाठी दोन हार्ड डिस्क, एकीवर जे जाईल ते दुसरीवर आपोआप. हे मीच हट्टानं घातलं. तिची पहिली सात वर्षं त्या फोटोंत आहेत, दुसरीकडे कुठे नाहीत माझ्याकडे. ग्राफिक्स कार्ड सेकंडहँड घ्यायचं ठरलं. दुकानदारानं तीन दाखवली. मी एकेक नाकाला लावून वास घेतला. मोटारीचं वाइंडिंग जळलं की वास येतो, तसा एकाला येत होता. "सार, कार्डाचा वास घेणारं गिऱ्हाईक मी पहिल्यांदा बघतोय," दुकानदार म्हणाला. मुलीला सांगितल्यावर ती अर्धा मिनिट हसत होती. मग म्हणाली, "आईला सांगू?" मी म्हणालो, सांग.

तर असं सगळं ठरत आलं, आणि तिथेच माझी नियत फिरली.

सप्टेंबरच्या सुरुवातीला यादी पक्की झाली होती. त्या दिवशी ऑर्डर दिली असती तर आठवड्यात मशीन उभी राहिली असती. पण ऑर्डर दिल्यावर बोलायचं काय? परत जेवलीस का, शाळा कशी आहे? मला धडकीच भरली. मग मी शंका काढायला लागलो. पॉवर सप्लाय साडेसहाशे वॅटचा पुरेल की साडेसातशेचा? उत्तर मला माहीत होतं, माझा तो धंदा आहे. तरी मी विचारलं आणि तिनं दोन दिवस शोधून, हिशेब मांडून सांगितलं. पंखे तीन की चार, यावर मी चार दिवस काढले. कार्ड पेटीत मावेल का, म्हणून तिला दोन वेगवेगळ्या पेट्यांची मापं काढायला लावली. पोलादी टेप तर माझ्या खिशातच असतो. दुकानदार शेवटी वैतागला. "सार, कॉम्प्युटर घेताय की मुलगी बघताय?" मी त्याला झापलं. खरं तर झापायला तोंड नव्हतं मला.

"अप्पा, आता घे ना," ती एकदा म्हणाली. "दादा जाणार आहे." मग घेतलं.

सगळे भाग आले. मी सुट्टी टाकून एका दिवसात मशीन जोडली. केबल अशा बांधल्या की आमच्या कारखान्यातल्या पॅनेलनं लाजावं. तो घटस्थापनेचा दिवस होता. बटण दाबायला गेलो तर आई मागे उभी. "आत्ता नको. आठ दिवसांवर आयुधपूजा आली. पूजेआधी नव्या यंत्राला वीज लावतात होय?"

बाहेरच्या माणसाला हे वेड वाटेल. पण आमच्या कारखान्यातसुद्धा नवरात्रात आलेली मशीन आयुधपूजेपर्यंत कोणी चालू करत नाही. वरचे साहेबसुद्धा घाई करत नाहीत. आणि आमच्या घरी तर माझ्या पणजोबांचे आजोबा म्हैसूरच्या घोडदळात होते, त्यांची तलवार अजून आहे. तिच्यापासून ड्रिल मशीन, मिक्सर, स्कूटरपर्यंत सगळ्यांना त्या दिवशी गंध-कुंकू, शेवंतीची माळ आणि पूर्ण विश्रांती. पूजा झाल्यावर घरातल्या कुणी तरी पहिलं बटण दाबायचं. मी कारखान्यात हे नियम पाळतो, पण अडलं तर मोडलेत पण. एकदा कन्व्हेयर बंद पडला तेव्हा मी स्वतः नवमीला मोटार चालू केलीय. म्हणजे आईला समजावता आलं असतं. लिंबू फिरवून आधी चालू करू, पूजा मागून करू, म्हणालो असतो तर तिनं कुरकुर करून ऐकलं असतं.

पण मला ते आवडलं. मुलगी अष्टमीला येणार होती; तिच्या आईची रजा तेव्हापासून होती. नवमीला पूजा. मुलीनं पहिलं बटण दाबायचं, तिचं गाव तिच्यासमोर उघडायचं, मी मागे उभा. आणि तोवर आठ दिवस रोज फोन येणार, झालं का म्हणून. दोन्ही मला हवं होतं. मशीनवर आईनं धुतलेलं पांढरं कापड घातलं.

संध्याकाळी फोन आला. "अप्पा, जोडलं?"

पूजेचं सांगितलं असतं तर ती म्हणाली असती, अप्पा प्लीज, आजीला मी समजावते. आणि आजीनं तिचं ऐकलं असतं. म्हणून मी म्हणालो, "पॉवर सप्लाय यायचाय अजून."

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. चौथ्या दिवशी तिचा आवाज बारीक झाला. दादा शनिवारी निघणार. सर्व्हर चालू असता तर त्यानं गाव थेट इकडे पाठवलं असतं, तिघींनी आत जाऊन तपासलं असतं, मग त्यानं कॉम्प्युटर साफ केला असता. "आता काय करू?" मी अगदी शांतपणे सल्ला दिला, पेन ड्राइव्हवर कॉपी करून घे, येताना घेऊन ये. मला ते पुरेसं वाटलं. देवाशपथ वाटलं. फाइल म्हणजे फाइल, बेळगावहून म्हैसूरला आणायला काय लागतं.

अष्टमीला ती आली. उंच झाली होती. पेन ड्राइव्ह तिनं गळ्यातल्या दोरीला बांधला होता. पॉवर सप्लाय कालच आला, आता उद्या पूजा झाली की चालू करू, असं मी तिला सांगितलं.

नवमीच्या सकाळी पूजा झाली. तलवारीला, स्कूटरला, मिक्सरला आणि शेवटी कापड काढून मशीनला. आईनं पेटीवर कुंकवाची तीन बोटं ओढली, वर माळ घातली. मुलीनं फोटो काढून मैत्रिणींना पाठवले. दारात कोहळा फोडला. मग ती खुर्चीत बसली आणि बटण दाबलं. मशीन पहिल्या झटक्यात सुरू झाली, आणि इतकी गप्प की आईला विश्वास बसेना. खालची सिस्टीम, वरची सिस्टीम, सगळं मुलीनंच बसवलं, दुपारपर्यंत. मी पाणी आणून देत होतो. इतका सुखी मी कित्येक वर्षांत नव्हतो.

मग तिनं पेन ड्राइव्ह लावला. गाव उघडलं.

निदान मला तरी तसंच वाटलं. पडद्यावर झाडं होती, नदी होती. "वा, छान आहे," मी म्हणालो. ती आत चालत राहिली. एका ठिकाणी अर्धा पूल होता, कापल्यासारखा, आणि पुढे नुसतं जंगल. ती मागे वळली, दुसरीकडे गेली. एका घराची एक भिंत, आणि जंगल. तिनं वीस मिनिटं तरी शोधलं असेल. मग माऊसवरचा हात काढला. "दादानं चालू असतानाच कॉपी केलं," ती म्हणाली. "कोणीतरी आत असताना. मग फाइल अर्ध्या येतात. जे सापडत नाही तिथे खेळ नवीन जंगल उगवून देतो." तिकडचा कॉम्प्युटर केव्हाच साफ होऊन विकला गेला होता.

आणि मी सुरू झालो. कसला गाढव आहे तो दादा, एवढं शिकून एक कॉपी करता येत नाही, असल्या माणसाला नोकरी दिली कोणी, फोन लाव त्याला, मी बोलतो. माझा आवाज चढत गेला. मुलगी पडद्याकडे बघत होती. तेवढ्यात आई प्रसादाची वाटी घेऊन आली. काय बिघडलं ते तिला कळलं नव्हतं, पोर हिरमुसलेली दिसली एवढंच. तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "वाईट नको वाटून घेऊ गं. होईल सगळं नीट. घटस्थापनेला तुझ्या अप्पानं हे जोडून तयार केलं, आठ दिवस मी कापडाखाली जपून ठेवलंय बघ, पूजा होईपर्यंत कुणाला हात लावू दिला नाही."

 मुलगी खुर्चीत वळली.

"घटस्थापनेला?"

मी मशीनवरची माळ सरळ करायला लागलो.

"मी रोज विचारत होते, अप्पा. तू रोज सांगितलंस, आला नाही."

मग मी खरं ते सांगितलं. पूजेचं सांगितलं, आणि त्यापुढचंही: की तू फोन करणं थांबवशील अशी भीती वाटत होती, पंखे तीन की चार हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं, साडेसहाशेचा पुरतो हेही. सांगताना मला माझीच किळस आली. आई वाटी हातात धरून तशीच उभी होती.

"मग तसं सांगायचं ना," ती म्हणाली. "फोन करत जा म्हणून. मी केला असता."

रडली नाही ती. रडली असती तर बरं झालं असतं, मला काहीतरी करता आलं असतं. म्हणाली, उद्या मला नजरबादला सोड. मी म्हणालो, सोडतो. पण दुसऱ्या दिवशी विजयादशमी. राजवाड्याकडचे सगळे रस्ते मिरवणुकीसाठी बंद, नजरबादला जायचं म्हणजे अशक्य. ती राहिली ती त्यामुळे, माझ्यासाठी नाही. दिवसभर मशीनसमोर बसून होती. मैत्रिणींशी फोनवर बोलत तिनं नवीन जग सुरू केलं, अगदी रिकामं. संध्याकाळी मला बोलावलं आणि मशीन कशी बंद-चालू करायची, बॅकअप कुठे जातो, लाइट गेल्यावर यूपीएसवर किती मिनिटं मिळतात, हे सगळं समजावलं. एका वहीत लिहूनही दिलं. आत कोणाकोणाला येता येईल त्याची एक यादी असते. तीही दाखवली. त्यात तीन नावं होती. तिचं आणि दोघींची.

"बाकी कोणी आत येऊ शकत नाही," ती म्हणाली. "ज्याची मशीन आहे तो पण नाही."

दुसरा दिवस मिरवणुकीची गर्दी ओसरण्यात गेला, त्याच्या पुढच्या दिवशी तिला नजरबादला सोडलं. पाचवा दिवस चालू होता. गेल्या वर्षी चौथ्या दिवशीच गेली होती, म्हणजे एक दिवस जास्त, असा हिशेब माझ्या मनानं केला, आणि मी स्वतःलाच एक सणसणीत शिवी हासडली.

मग फोन नाही. मीही केला नाही. कुठल्या तोंडानं करणार? मशीनची काळजी घेत राहिलो. रोज वहीत बघून बॅकअप तपासायचा, रविवारी जाळीवरची धूळ ब्रशनं काढायची, आईला उदबत्ती तिथे लावू द्यायची नाही. एकदा आमच्या भागात लाइट गेल्याचं कळताच मी कारखान्यातून अर्ध्या तासाची परवानगी घेऊन घरी आलो आणि यूपीएस संपायच्या आत मशीन रीतसर बंद केली, म्हणजे फाइल अर्ध्या राहू नयेत. साहेबाला सांगितलं, घरी आईला बरं नाही. आईला कळल्यावर तिनं मला पुरतं फैलावर घेतलं.

त्याच संध्याकाळी फोन वाजला. आठ आठवड्यांनी.

"अप्पा, दुपारी सर्व्हर गेला होता. काय झालं?"

"लाइट गेले होते. मी बंद केला. नीट बंद केला, वहीत लिहिलंय तसा."

"हो. काही हरवलं नाहीये. मी बघितलं." मग म्हणाली, "आम्ही घाट बांधलाय नदीवर. आणि एक बाजार. पहिल्यापेक्षा मोठा."

"हौदा?" मी म्हणालो. खरंच? माझ्या तोंडून कानडीच आलं. मग विचारायचं नाही असं हजारदा ठरवलेलं मी विचारून बसलो. "मला बघता येईल का गं? नुसतं बघायला. कशाला हात लावणार नाही."

पलीकडे ती काहीतरी टाइप करत होती ते ऐकू येत होतं. 

"नको," ती म्हणाली. मग म्हणाली, "अजून नको."

"बरं," मी म्हणालो. तिनं फोन ठेवला. आई विचारत होती कोणाचा होता, काय म्हणाली, पण मी उत्तर न देता गच्चीवर गेलो, कारण आईसमोर रडायची मला लाज वाटते.